दाणेदार दूध

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते. माझ्या वयाच्या बायका अशी गोष्ट जाता जाता, नम्रपणे सांगतात. मला ते जमत नाही. आप्पा चौथी शिकलेले, आईने शाळा बाहेरूनच पाहिली, आणि मी ब्रिस्टलला जाऊन इतिहासाची पदवी घेतली, तीही चांगल्या वर्गात. पण प्रबंधाचा विषय सांगितला की लोक अजून हसतात. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. विषय होता डब्यातलं आटवलेलं गोड दूध, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, आणि त्याचा धंदा सुरुवातीला कसा उभा राहिला. हसणाऱ्यांना मी हसू देते. त्या दुधावर आमचं घर चाललं होतं.

आम्ही राहायचो ते गाव ब्रिस्टलपासून ट्रेनने पाऊण तासावर. चहूकडे कुरणं, कुरणांत गाई, आणि मधोमध दुधाचा कारखाना. सकाळी सहाला त्याचा भोंगा व्हायचा, पण त्याच्या आधीच लॉऱ्यांवरून दुधाचे मोठे कॅन उतरवल्याचा खणखणाट सुरू झालेला असायचा. त्या आवाजानेच मला जाग यायची. हवा दमट असली की आटणाऱ्या दुधाचा गोड, किंचित करपट वास गल्लीत उतरायचा आणि तिथेच बसून राहायचा. दोरीवर वाळत घातलेल्या परकरांनाही तो वास लागायचा. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या अंगाला पुडिंगचा वास येतो. मला ते तेव्हा फार लागायचं. आता वाटतं, याहून वाईट वासाच्या धंद्यातल्या बापांच्या मुली त्याच वर्गात होत्या, त्या बिचाऱ्या गप्प बसायच्या.

घर रांगेतलं शेवटचं. खाली दोन खोल्या, वर दोन, संडास परसात. स्वयंपाकघरात आईचं राज्य. ज्वारीचं पीठ दर दोन महिन्यांनी बर्मिंगहॅमहून यायचं, आणि ते आलं की त्या दिवशी भाकरी थापल्याचा आवाज पलीकडच्या घरात जायचा. शेजारीण भिंतीवर ठोकून विचारायची, काय ठोकता आहात? आई मराठीतच ओरडायची, "जेवायला ये, म्हणजे कळेल!" कारखान्यात पोचे पडलेले डबे कामगारांना घरी न्यायला मिळत. ते आमच्या जिन्याखाली रचलेले असायचे. रिकामे झाले की त्यांत मोहरी, खिळे, बटणं, आणि खिडकीत कोथिंबीर. पण आतलं दूध मात्र आईला कधी पटलं नाही. चहात ती ते नाइलाजाने घालायची आणि दर वेळी म्हणायची, "हे काय दूध आहे? गुळगुळीत चिकट खळ. ह्यानं पतंगाचे कागद डकवावेत."

मनातून आप्पांनाही तसंच वाटायचं. बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. शेती खडकाळ, म्हशी भरपूर, आणि गावाबाहेर खव्याच्या भट्ट्या. आप्पा लहानपणापासून तिथे कढईपुढे उभे राहिलेले. भल्यामोठ्या लोखंडी कढईत दूध, खाली जाळ, हातात लांब दांड्याचं उलथनं. बूड लागू द्यायचं नाही, हात थांबवायचा नाही. आप्पांचा खवा तालुक्याच्या बाजारात ओळखला जायचा तो त्याच्या दाण्यामुळे. शेवटी, दूध गोळा व्हायच्या बेताला आलं की ते हात काढून घ्यायचे, कढई उतरवायचे आणि तिला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. निवांत निवलं की खव्याला रवाळ, जिभेवर फुटणारा दाणा यायचा. लग्नाच्या पंगतीला तोच खवा मागायला लोक यायचे. ते इंग्लंडला कसे आले ही वेगळी हकिगत आहे, ती इथे नको. आले, आणि त्यांच्या नशिबात पुन्हा दूधच आलं.

कारखान्यात ते पहिली अनेक वर्षं कॅन धूत होते. वाफ, सोडा आणि थंड पाणी. हिवाळ्यात बोटांना भेगा पडायच्या आणि आई त्यांत तूप भरायची. कारखान्यातलं मानाचं काम म्हणजे पॅनवाल्याचं. पॅन म्हणजे तांब्याचं घुमटासारखं बंद भांडं, आमच्या स्वयंपाकघराहून उंच. त्यातली हवा पंपाने काढून घेत, त्यामुळे दूध जेमतेम गरम असतानाच उकळायचं आणि करपायचं नाही. घुमटाला एक जाड काचेची खिडकी असायची. पॅनवाला तिला डोळा लावून बसायचा, मधूनमधून नळीने नमुना काढून थेंब कसा पडतो ते पाहायचा, आणि बरोबर क्षणी वाफ बंद करायचा. मग दूध शेजारच्या हौदात उतरायचं. तिथे ते फिरत्या पंख्यांनी ढवळत ढवळत थंड करायचं आणि त्यानंतर डब्यांत भरायचं. पॅन आणि हौद दोन्ही त्याच्याच ताब्यात. ते काम तोवर एकाही काळ्या माणसाला मिळालेलं नव्हतं. मी शब्द बदलत नाही, तेव्हा आम्हाला तोच शब्द होता.

आप्पांना ते मिळालं ग्विनमुळे. ग्विन वेल्श होता, बायको वारलेली, साखरेच्या कोठारावर त्याची उभी हयात गेली होती. दुधात किती साखर, कोणत्या पोत्यातली, ती नीट विरघळली की नाही, हे सगळं त्याच्याकडे. दर रविवारी चॅपलमधून परस्पर आमच्याकडे जेवायला यायचा, पिठलं खाऊन घामाघूम व्हायचा आणि पुन्हा मागून घ्यायचा. आप्पा त्याला ग्विनभाऊ म्हणायचे. तो आप्पांना बॉस म्हणायचा, आणि ते ऐकून आप्पा लाजायचे. जुना पॅनवाला निवृत्त झाला तेव्हा ग्विन मॅनेजरकडे, म्हणजे मिस्टर हॉब्जकडे गेला आणि म्हणाला, "हा माणूस भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावरून सांगतो की दूध झालं. मी पैज मारून पाहिलंय." हॉब्जनेही पाहिलं. आप्पा पॅनकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला, त्याच क्षणी थेंब बरोबर पडला. पांढरा कोट घालून ते त्या दिवशी घरी आले ते गल्लीच्या मधोमध चालत. आईने मिरच्या ओवाळून टाकल्या आणि सगळ्यांना ठसका लागला.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका धंद्याचा इतिहास लिहायचा होता. कुणी रेल्वे घेतली, कुणी गोदी, कुणी तंबाखू. मी दूध म्हटलं तेव्हा आमच्या शिक्षिकेने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, चांगलं आहे, ह्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही. मी लायब्ररीत बसून मिळेल ते वाचलं. दूध आटवून टिकवावं हे कितीतरी जणांच्या डोक्यात आलं होतं. फ्रान्समध्ये कुणी करून पाहिलं, एका इंग्रजाने कागदावर मांडून त्याचे हक्कही घेतले, पण कारखाना उभा राहिला नाही. उघड्या भांड्यात दूध लागायचं, रंग जायचा, नासायचं. मग एका अमेरिकन माणसाने साखर कारखान्यात रस आटवायला वापरायचे ते हवा काढलेलं भांडं दुधाला लावलं. सुरुवातीला त्याचं दिवाळंच वाजायचं बाकी होतं. पुढे तिथल्या यादवी युद्धात सैनिकांच्या पाठीवर त्याचे डबे गेले, ते सैनिक घरी परतून तोच डबा मागायला लागले, आणि धंद्याने जोर धरला. मग स्वित्झर्लंडमध्ये कारखाने आले, इंग्लंडमध्ये आले. इंग्लंडात स्वस्त डबे निघाले ते साय काढून घेतलेल्या दुधाचे. डब्यावर गाईचं चित्र, आत साय नाही. शहरांतल्या गरीब आयांनी ते तान्ह्या मुलांना पाजलं, मुलांची हाडं वाकली. शेवटी हे दूध तान्ह्यांसाठी नाही असं डब्यावर ठळक छापायला सरकारने भाग पाडलं. मी हे घरी वाचून दाखवलं तेव्हा आई पोळपाट खाली ठेवून म्हणाली, "मी सांगत होते की नाही? आणि ह्यासाठी हिला कॉलेजात जावं लागलं!"

आप्पांना मात्र माझ्या विषयाचा केवढा अभिमान! बसमध्ये, पोस्टात, जो भेटेल त्याला सांगायचे, माझी मुलगी माझ्या कामावर पुस्तक लिहिते आहे. त्यांनीच हॉब्जकडे शब्द टाकला आणि मला दर शनिवारी ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून कारखान्याच्या अगदी पहिल्या पॅनवाल्यांच्या वह्या वाचायची परवानगी मिळाली. चामड्याच्या पाठीच्या, दुधाचे डाग पडलेल्या वह्या. रोज काय आलं, काय बिघडलं, आभाळ कसं होतं. इतिहास असाही असतो हे मला तिथे कळलं. मी त्यात रमून गेले.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी आप्पा पोचा पडलेला एक डबा घेऊन आले. तो रीतीप्रमाणे जिन्याखाली न ठेवता त्यांनी आईपुढे ठेवला. "उघड."

"काय आहे?"

"उघड तर. माझ्या हातचा हाय."

आईने डबा फोडून बोटाला लावून चाखलं. मग चमचा घेतला. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "अगंबाई! दाणा आहे ह्याला!"

आप्पा हसायला लागले. "तीन आठवडं झालं करतोय. शेवटच्या तासाला ती पंख्यांची दांडी निम्म्यावर आणतो. सारखं काय घुसळायचं त्याला? दमू दे, निवू दे. न्हाई तर दाणा धरंल कसा? इतकी वर्सं ह्या लोकांनी नुस्ती खळ केली. कुणी सांगणाराच न्हवता." त्या रात्री आईने त्या डब्याचे लाडू वळले. रव्याचे, वर वेलदोडा. इंग्लंडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा तिने डब्यातल्या दुधाला दूध म्हटलं. मीही चार लाडू खाल्ले. जिभेवर ते कण फुटत होते आणि मला काहीही शंका आली नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी, शनिवारी शनिवारी त्याच गोष्टीच्या वह्या वाचणारी, आणि मला फक्त लाडू दिसत होते.

पुढच्याच आठवड्यात बर्मिंगहॅमच्या एका टॉफीवाल्याकडून डबे परत आले. दुधात वाळू आहे, अशी तक्रार. मग आणखी दोन ठिकाणांहून आले. हॉब्जने डबे फोडून पाहिले आणि ठरवून टाकलं की साखर नीट विरघळलेली नाही. साखर म्हणजे ग्विन. त्याला बोलावून सांगितलं, तुझे डोळे गेले, लक्ष गेलं, सोमवारी ह्याचा निकाल लावतो. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या शुक्रवारी तो आमच्याकडे आला, खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी प्रत्येक पोतं हाताने पाहतो, बॉस. प्रत्येक. साखर विरघळली होती. पण माझ्या शब्दाला आता कोण विचारतो?"

आप्पा खरोखर चिडले. "ह्यांना दुधातलं काय कळतंय? वाळू म्हणं!" त्यांनी मला इंग्रजीत सांगायला लावलं: ते दूध चांगलं आहे, टॉफीवाला मूर्ख आहे. ग्विनने मान हलवली. दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं की ते दोघं एकाच दुधाबद्दल बोलताहेत. आप्पांच्या डोक्यात आपला दाणा आणि टॉफीवाल्याची वाळू ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दाणा हा गुण होता, तो दोष कसा असेल?

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी वह्या उघडल्या. कारखाना सुरू झाल्यानंतरच्या थोड्याच काळातली वही होती. तो पॅनवाला पानामागून पान एकच रडगाणं गात होता: आज पुन्हा दुधात वाळू. कधी तो मेघगर्जनेला दोष देत होता, कधी गाईंच्या नव्या चाऱ्याला, कधी साखरेच्या पोत्याला, आणि एकदा तर नव्या आलेल्या गवळणीला. पण त्याला एक चांगली सवय होती, यंत्रात काही झालं की तेही तो टिपून ठेवायचा. मी वाळूचे दिवस वेगळ्या कागदावर काढले. त्यातल्या बहुतेक दिवशी ढवळण्याच्या पंख्याचा पट्टा घसरलेला होता. पुढच्या वहीत अक्षर बदललं होतं. त्या नव्या माणसाला कळलं होतं. दूध गार होईपर्यंत फिरतं ठेवा, असं त्याने स्वतःसाठी आणि मागून येणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. थांबलं की दुधाची स्वतःची साखर, वरून घातलेली नव्हे, मोठ्या खड्यांनी बसते. मी ते दोनदा वाचलं. मग वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसले. बाहेर यार्डात कुणीतरी शीळ घालत कॅन गडगडवत नेत होतं.

आता खरं लिहायचं तर त्या क्षणी मला भीती वाटली, ग्विनसाठी वाईट वाटलं, आणि ह्या दोन्हींच्या खाली थोडा आनंदही होता. मी शोधून काढलं होतं. मॅनेजरला न कळलेलं, आप्पांना न कळलेलं मला कळलं होतं, आणि तेही पुस्तकातून. ह्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी आप्पा कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, भाजीसाठी मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यावर होते. तिथे ते मेथी लावायचे. मी जाऊन वाफ्याच्या कडेला उभी राहिले.

"आप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"ती पंख्यांची दांडी तुम्ही कधीपासून निम्म्यावर आणता?"

"पॅन मिळाल्यावर थोड्याच दिवसांनी. का गं, पुस्तकात घालायचं हाय?"

"परत आलेले डबे त्याच दिवसांचे आहेत. वाळू त्यानं येते, आप्पा. साखरेनं नाही. ग्विनकाकांची काही चूक नाही."

ते उठले नाहीत. मेथीची एक जुडी मातीसकट त्यांच्या हातात होती. "कुणी सांगितलं?"

"वहीत आहे. जुन्या."

"वहीत." त्यांनी मुळांची माती हळूहळू झटकली. "सात वर्साचा हुतो तवा कढईपुढं हुबा राहिलो. माझ्या बापानं मला धा वर्सं दाण्याला हात लावू दिला न्हाई. आणि आता तू मला दूध शिकव."

"शिकवत नाही हो, आप्पा."

"मग काय करतीस?"

 ते म्हणाले, घरी जा, ग्विन जेवायला येतोय, आईला मदत कर. पण ग्विन त्या रविवारी आला नाही. त्याचं ताट तसंच झाकून राहिलं.

दुपारी आप्पांनी जिन्याखालून चांगला, जुन्या पॅनवाल्याच्या काळातला एक डबा काढला. दूध पातेल्यात घेऊन मंद आचेवर तापवलं, अगदी पातळ होईपर्यंत, आणि दोन वाडग्यांत सारखं ओतलं. एक वाडगा खिडकीत ठेवला आणि त्यावर ताटली झाकली. दुसरा थंड पाण्याच्या परातीत ठेवून ते त्यापुढे बसले आणि चमच्याने ढवळायला लागले. किती वेळ ढवळत होते कोण जाणे. मी चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. आई म्हणाली, "अहो, काय चाललंय?" ते म्हणाले, "बोलू नको." वहीवर त्यांचा विश्वास नव्हता, जिभेवर होता.

सोमवारी भोंग्याच्या आधी त्यांनी दोन्ही वाडगे आईपुढे ठेवले. कोणता कुठला ते सांगितलं नाही. आईने एकातला चमचा घेतला, दुसऱ्यातला घेतला, आणि खिडकीतला वाडगा पुढे ओढला. "हे चांगलं. दाणा आला बघा ह्याला, तुम्ही मागे आणलं होतं अगदी तसा." ती इतकी खूश झाली होती! आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी बूट घातले, पांढरा कोट घडी करून काखेत घेतला आणि मला म्हणाले, "चल. इंग्रजी अडलं तर सांग."

हॉब्जच्या ऑफिसात ग्विन आधीच उभा होता, चॅपलचा काळा सूट घालून. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी स्वतःच सांगितलं: सर, साखर नाही. मी. मी पंखे हळू केले. ग्विन चांगला.

हॉब्जने पेन खाली ठेवलं. "का केलंत? पंखे पूर्ण वेगाने ठेवायचे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सर, माझ्या गावात असं दूध लग्नाला लागतं."

हॉब्जला ते कळलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायला लागले, भट्टी, खवा, दाणा. माझं इंग्रजी चांगलं होतं पण त्या गोष्टींना माझ्याकडे इंग्रजी नव्हतं, आणि मी अडखळले. ग्विन मात्र आप्पांकडे बघत होता. "म्हणजे तुझ्या लग्नाच्या दुधापायी माझी झोप उडाली होती?" तो म्हणाला. "आणि मी चॅपलमध्ये बसून देवाला विचारत होतो, माझे डोळे खरंच गेले का?" तो हसला नाही. टोपी घालून कोठाराकडे निघून गेला.

ग्विनचं काम टिकलं. आप्पांचा कोट गेला. हॉब्ज वाईट माणूस नव्हता, त्याने त्यांना काढलं नाही, पण पुन्हा कॅनच्या वाफेत पाठवलं, आणि पॅन त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. दोन वर्षांनी तो तांब्याचा पॅनच गेला आणि मापाच्या काट्यांवर चालणारं पोलादी यंत्र आलं. त्याला कुणाच्या कानाची गरज नव्हती. शेजारी पुण्याची एक मुलगी राहते, ती हल्ली मला म्हणते, "काकू, त्यांनी फक्त सॉरी म्हणून प्रोसेस फॉलो केली असती तर?" तिला काय सांगू. तेव्हा पुन्हा संधी द्यायची पद्धत आमच्यासारख्यांसाठी निघाली नव्हती.

प्रबंध मला वसंतात द्यायचा होता. वाळूवरचं प्रकरण त्यातलं सगळ्यात चांगलं होतं हे मला ठाऊक होतं, पण शेवटची घटना मी गाळली होती. एका संध्याकाळी आप्पा हाताला तूप चोळत माझ्या टाइपरायटरशेजारी येऊन बसले. "वाळूचं लिवलंस?"

"लिहिलं."

"माझं?"

"नाही."

"का? खोटं पुस्तक लिवतीस व्हय? लिव."

मग मी लिहिलं, आणि त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मी इंग्रजी वाक्य वाचून त्याचं मराठी करत होते: नव्याने नेमलेल्या पॅनवाल्याने अज्ञानामुळे पंख्यांचा वेग कमी केला.

"अज्ञान म्हंजी?"

"म्हणजे माहीत नसल्यामुळे."

"ते काढ." ते मोठ्याने बोलले नाहीत. "चूक माझी हाय. ती लिव, माझं नाव घाल, आडनावासकट. पण मला माहीत न्हवतं असं लिवू नको. मला माहीत हुतं. दुसरं माहीत हुतं."

मी कागद ओढून काढला आणि नवा घातला. लिहिलं की पॅनवाला दुसऱ्या पद्धतीत शिकलेला होता. पान घेऊन कॉलेजात गेले तेव्हा शिक्षिकेने त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात विचारलं: कोणत्या? कुठे? हे सांगायला हवं.

त्या रविवारी मी वही घेऊन आप्पांसमोर बसले. कढई केवढी, लाकूड कोणतं, म्हशीचं दूध का, कोणत्या आवाजाला जाळ मागे ओढायचा, बापाने दहा वर्षं दाण्याला हात का लावू दिला नाही. ते आधी चाचरत बोलले, मग सुटले. पिठल्याला फोडणी बसत होती तेव्हा दार वाजलं. तीन रविवार न आलेला ग्विन होता. आईने त्याचं ताट मांडलं. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि मला म्हणाला, हे सगळं काय सांगतोय तो, मलाही सांग. मग मी वहीत लिहिता लिहिता त्याला इंग्रजीत सांगायला लागले. हॉब्जच्या ऑफिसात जे शब्द मला सापडले नव्हते ते त्या दिवशी सापडले, नाही सापडले तिथे आप्पा हाताने उलथनं फिरवून दाखवायचे. ग्विन कोपर टेबलावर टेकून बसला होता, आणि आप्पा जरा थांबले की विचारायचा, "आणि मग, बॉस? मग पुढे काय?"